वाचकांचे प्रश्न : माशी दिसते तर खाच दिसत नाही

धान निसवायला लागलं की या सदराच्या टपालात बंदुकीचे प्रश्न वाढतात, नवीन नाही ते. या वेळचे बहुतेक प्रश्न मात्र बंदुकीचे कमी अन् डोळ्याचे जास्त निघाले, म्हणून चार एकत्रच घेतलेत. नवख्यांसाठी एवढंच: माशी म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरचा उभा ठिपका, खाच म्हणजे त्याच्या मागची फट, माशी खाचेत धरून निशाण लावतात.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी सिंदेवाही तालुक्यातला शेतकरी, वय ५९. आजोबा मालगुजार होते, त्यांच्या वेळची विंचेस्टर मॉडेल ९४, लिव्हरवाली, थर्टी-थर्टी काडतुसाची रायफल घरात आहे, वडिलांनंतर लायसन माझ्या नावावर झालं. डुकरं धानात उतरतात तेव्हा रेंज ऑफिसातून रीतसर परवानगी काढून माळ्यावर बसतो. माळ्यापासून बांध जास्तीत जास्त साठ पावलं. पहिले डोळे झाकून लागायची म्हणा, आता मागची खाच नुसती धुरकट दिसते, माशीच्या दोन माशा होतात, अन् माशी नीट पाहायला गेलं तर डुक्कर गायब. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, बारा हजाराचा. पोरगा म्हणतो स्कोप, म्हणजे बंदुकीवरची दुर्बीण बसवा, मित्र म्हणतो रेड डॉट, ती काचेत लाल ठिपका दाखवणारी. काय करू?

उत्तर : भाऊ, परवानगी काढता हे वाचून बरं वाटलं, पण बाकीच्या वाचकांसाठी एकदा लिहूनच टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि परवानगीनं मारलेलं जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता असते, घरी मटण शिजवायला नेता येत नाही. एवढा कागद नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, पंचनामा करून भरपाईचा अर्ज टाका.

आता डोळा. उघड्या खाचेच्या बंदुकीत तुम्ही डोळ्याला एकाच वेळी तीन अंतरं पाहायला सांगता. तुमच्या रायफलीवर मागची खाच नळीवर बसवलेली, म्हणजे गाल दस्त्याला टेकवला की डोळ्यापासून चाळीसेक सेंटिमीटरवर, माशी पाऊण मीटरच्या आसपास, आणि डुक्कर चाळीस मीटरवर. डोळा एका वेळी एकच अंतर साफ पाहतो, कोणाचाही. तरुणपणी डोळ्यातलं भिंग लवचिक असतं म्हणून ते या तिन्हीमध्ये इतकं भरभर फिरतं की आपल्याला वाटतं सगळंच दिसतंय. चाळिशीनंतर ते भिंग कडक होत जातं आणि साठीच्या आसपास हे फिरणं जवळजवळ संपतं. त्यामुळे डोळे बिघडले, वय झालं, आता बंदूक पोराला द्या असं काही मनात आणू नका. तीनातलं एक अंतर कमी करायचं, आणि उरलेल्या दोघांच्या मधे कुठंतरी नजर बसवायची, एवढंच काम आहे.

सगळ्यात पहिले चष्मा, आणि इथंच तुमचे बारा हजार आडवे येतात. प्रोग्रेसिव्हमध्ये जवळचा नंबर खालच्या बाजूला असतो आणि दस्त्यावर गाल टेकवून डोकं पुढं झुकवलं की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो, तिथं निव्वळ लांबचा नंबर. मग माणूस माशी दिसावी म्हणून मान वर करतो, गाल दस्त्यावरून सुटतो आणि गोळी डुकराच्या पाठीवरून जाते, आणि घरी येऊन सांगतो की बंदुकीची नळी वाकडी झाली! बाजारात रोज घालायला तो चष्मा ठीक आहे, माळ्यावर नको. माळ्यासाठी वेगळा, साधा एका नंबरचा चष्मा करा: तुमचा लांबचा जो नंबर असेल त्यात अधिक ०.५० मिळवून. चष्म्याचा नंबर नसता तर या अधिक ०.५० नं नजर दोन मीटरवर बसली असती, तसंच तुमचं होईल, माशी बरीच साफ होईल आणि डुक्कर थोडंसं मऊ दिसेल पण ओळखू येईल. काहींना ०.७५ जास्त पटतं. पूर्ण माशीवर नजर बसवायची तर सव्वाच्या वर जावं लागतं, पण तेवढ्यात जनावर पार धूसर होतं, शेतात ते परवडत नाही, त्या नादी लागू नका.

चष्म्याच्या दुकानात रायफल घेऊन जाऊ नका, हे मी गमतीनं लिहीत नाही, असे लोक आहेत. घरीच, रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहून, गाल टेकवा आणि दुसऱ्याला डोळ्यापासून माशीपर्यंत सुतळी धरून माप घ्यायला लावा. तेवढ्या लांबीची काडी कापा, टोकाला पांढरा ठिपका काढा, ती काडी दुकानात न्या आणि नंबर तपासायच्या फ्रेममध्ये ०.५० आणि ०.७५ दोन्ही टाकून काडीचं टोक आणि समोरच्या रस्त्यावरची एखादी पाटी आळीपाळीनं पाहा. फ्रेम मोठी घ्या, वरपर्यंत काच येणारी, छोट्या फ्रेमची कडा बरोब्बर नजरेच्या रेषेत येते.

दुसरी गोष्ट माशी. जुन्या विंचेस्टरवरची माशी बारीक असते आणि वर्षानुवर्षाच्या तेलानं, पुसण्यानं काळी पडलेली असते. ती स्पिरिटनं पुसून फक्त तुमच्याकडं तोंड असलेल्या बाजूला व्हाइटनरचा पातळ थर द्या, एवढ्यानंच अर्धे लोक पत्र लिहायचं थांबवतील. नारिंगी नेलपॉलिश दिवसा हिरव्या धानावर फार उठून दिसतं पण अंधारायला लागलं की लाल-नारिंगी रंग सगळ्यात पहिले काळे पडतात, म्हणून सांजेच्या कामाला पांढरंच बरं. माशी बदलायचीच असेल तर जाड घ्या. १.६ मिलिमीटरची माशी तुमच्या मापानं ५० मीटरवर दहाएक सेंटिमीटर झाकते, २.४ ची सोळा, आणि डुकराच्या खांद्यामागची जागा काही चिमणीएवढी नसते, साठ पावलांवर जाड माशीनं काही बिघडत नाही. बारीक माशी निशाणबाजीच्या कागदाला. एक आणखी, गोल चकचकीत माशीवर ऊन एका बाजूनं पडलं की तेवढीच बाजू चमकते, आपण ती चमक मधोमध धरतो आणि गोळी उन्हाच्या उलट्या बाजूला जाते. सकाळी बरोबर आणि संध्याकाळी डावीकडं, अशी तक्रार असेल तर पहिले हे पाहा.

तिसरं, आणि माझ्या मते तुमचं खरं उत्तर हेच: मागची खाच काढून पीप साइट बसवा. पीप म्हणजे रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या लोखंडी पेटीच्या, मागच्या भागावर, डोळ्याजवळ बसणारं छोटं भोक. त्या भोकाकडं पाहायचंच नसतं, त्यातून पाहायचं असतं. तुम्ही माशी पाहता, माशी जनावरावर ठेवता, आणि भोकाच्या मधोमध माशी आणायचं काम डोळा आपोआप करतो, कारण उजेड तिथंच सगळ्यात जास्त असतो. म्हणजे तीन अंतरांतलं एक गेलं, आणि तेच गेलं जे तुम्हाला सगळ्यात जास्त छळत होतं. वर भोक बारीक असेल तर डोळ्याच्या बाहुलीचं काम तेच करतं आणि पुढचं-मागचं दोन्ही साफ दिसायला लागतं. खात्री करायची तर जाड कागदाला दाभणानं भोक पाडा, चष्मा काढा आणि त्यातून कॅलेंडरवरची तिथी वाचून पाहा.

पण भोक बारीक केलं की उजेडही कमी येतो, आणि डुक्कर काही भर दुपारी येत नाही. दिवसा कागदावर निशाण लावायला दोन मिलिमीटर छान, सांजेला तेच भोक काळं ठिक्कर. तुमच्यासाठी चार-पाच मिलिमीटरचं मोठं भोक आणि पातळ कडा. एवढ्या मोठ्या भोकात नजर साफ व्हायचा फायदा जवळजवळ जातो, हे खरंय, पण खाच गेल्याचा फायदा पूर्ण राहतो आणि चष्मा उरलेलं पाहून घेतो, म्हणून तर चष्मा पहिले सांगितला. बहुतेक पीपमध्ये भोकाची चकती आट्याची असते, काढून बदलता येते.

बसवताना तीन गोष्टी. रिसीव्हरच्या डाव्या अंगाला दोन बारीक स्क्रू आहेत का पाहा, कंपनीनंच भोकं पाडलेली असतील तर काम सोपं. नसतील तर लायसनवाल्या गनस्मिथकडूनच पाडून घ्या, वेल्डिंगच्या दुकानात नाही, आणि बंदुकीचा नंबर कोरलाय त्या जागेला हातसुद्धा लावू देऊ नका. आजोबांच्या वेळची रायफल जशीच्या तशी असेल तर भोकं पाडल्यानं तिची किंमत उतरते हेही लक्षात ठेवा, मग नळीवरच्या जुन्या खाचेच्याच जागी बसणारा मोठ्या भोकाचा पीप घ्या, डोळ्यापासून लांब असल्यानं तो निम्माच फायदा देतो पण लोखंडाला हात लागत नाही. दुसरं, पीप रिसीव्हरवर बसवला तर नळीवरची खाच काढून टाका, नाहीतर ती मधेच उभी राहून माशी झाकते. तिसरं, पीप बहुतेक वेळा खाचेपेक्षा उंच बसतो, त्यामुळे माशीही उंच लागते.

किती उंच, त्याचा हिशोब सोपा आहे. पीप ते माशी अंतर गुणिले गोळी जितकी चुकली ते, भागिले निशाणाचं अंतर. तुमच्या रायफलीवर पीप ते माशी साधारण ६० सेंटिमीटर येईल, खाच ते माशी होतं पस्तीस-चाळीस. समजा ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर वर लागते: ६० गुणिले १० भागिले ५०००, म्हणजे ०.१२ सेंटिमीटर, सव्वा मिलिमीटर म्हणा. मागचा पीप गोळी जिकडं न्यायची तिकडं सरकवायचा, माशी मात्र उलटी, गोळी खाली आणायची तर माशी उंच करायची. काडतूस महाग आणि मिळतं कुठं, म्हणून आधी घरी हिशोब करा आणि मग जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर जा.

पोराचा स्कोप का नको? मॉडेल ९४ जॉन ब्राउनिंगनं १८९४ साली बनवलं, थर्टी-थर्टी काडतूस १८९५ ला आलं, आणि त्या जुन्या बांधणीत रिकामं काडतूस सरळ वर उडतं. वर स्कोप लावला तर ते स्कोपलाच आपटणार. कंपनीनं १९८० च्या दशकात काडतूस तिरपं बाहेर फेकणारी बांधणी केली, पण आजोबांची रायफल ती नसणार. बाजूला किंवा पुढं नळीवर स्कोप लावायचे जुगाड आहेत, पण दस्ता उघड्या खाचेसाठी खाली उतरता केलेला आहे, स्कोपपर्यंत डोळा न्यायचा तर गाल हवेत राहतो, आणि रायफलीची सगळी चपळाई जाते. साठ पावलांसाठी एवढा खटाटोप कशाला राजेहो.

मित्राचा रेड डॉट त्यापेक्षा बरा. त्यात ठिपका आणि जनावर एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, म्हणजे तिन्ही अंतरांचा प्रश्नच संपतो, दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. तुमच्या रायफलीवर तो नळीवर पुढं बसवावा लागेल आणि बॅटरी सांभाळावी लागेल. चष्मा, माशी, पीप करूनही जमलं नाही तर तिकडं वळा, त्याआधी खालचा तिसरा प्रश्न वाचा.

यातलं काहीही अंधारात जनावर ओळखून देत नाही, हे मात्र पक्कं धरा. साठीत बाहुली तरुणाइतकी मोठी होत नाही, पोराला दिसतं तेवढं तुम्हाला सांजेला दिसणार नाही. एका संध्याकाळी रायफल पूर्ण रिकामी करून माळ्यावर बसा, बांधावर काळं पोतं ठेवा आणि घड्याळ पाहा: पोतं आणि बसलेला माणूस यातला फरक कधी कळेनासा होतो, ती तुमची बंद व्हायची वेळ, मग माशी कितीही चमको. टॉर्चमध्ये नुसते डोळे चमकले म्हणून चाप ओढायचा नाही, आपल्याकडं जागलीला माणसंही असतात, गाईही सुटलेल्या असतात. माळ्यावरून खाली मारल्यानं गोळी जमिनीत जाते ही चांगली गोष्ट, म्हणून बांधावर उभ्या, मागं आभाळ असलेल्या जनावरावर नाहीच.

प्रश्न : माझा भाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक आहे, वय ५४. तिकडं हरणाच्या सीझनमध्ये सासऱ्यांची मार्लिन ३३६ वापरतो. दाट जंगल, सत्तर-ऐंशी मीटरच्या पुढं दिसतच नाही म्हणतो. त्याला स्कोप घ्यायचाय, मोठा. मी म्हटलं थांब, विचारून सांगतो. (वरूड, जि. अमरावती)

उत्तर : त्याचं गणित वरच्या भाऊंपेक्षा सोपं आहे. मार्लिन ३३६, १९४८ पासूनची, रिकामं काडतूस उजव्या बाजूनं फेकते आणि रिसीव्हरचा माथा बंद असतो, म्हणून स्कोप सरळ वर बसतो. पण मोठा कशाला? दाट झाडीत ९ पटीवर ठेवलेल्या स्कोपमध्ये हरणाऐवजी नुसतं झाडाचं साल दिसतं. १ ते ४ पटीचा किंवा २.५ पटीचा फिक्स, बस.

लोक पुढच्या काचेच्या आकारावर भुलतात. पुढची काच भागिले पट म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा उजेडाचा गोल: २० मिलिमीटरची काच ४ पटीवर ५ मिलिमीटर देते, आणि पन्नाशी-साठीतली बाहुली अंधारात साधारण तेवढीच उघडते, त्याहून मोठी काच घेऊन जास्तीचा उजेड डोळ्यात शिरतच नाही. डोळ्याकडच्या टोकाला फोकसचं कडं असतं, ते आकाशाकडं पाहून रेषा काळ्या कुळकुळीत दिसेपर्यंत फिरवायचं, एकदाच, आणि ज्या चष्म्यात मारणार तो घालून. मागचा घोडा, म्हणजे हॅमर, स्कोपखाली दबतो, अंगठा नीट पोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूला निघणारी छोटी खुंटी लावतात ती सोबतच मागवायला सांगा. थंडीत हातमोजे घातल्यावर अर्धवट ओढलेला घोडा निसटणं ही चेष्टा नाही.

प्रश्न : एअर रायफलवर रेड डॉट लावला. जाहिरातीत गोल ठिपका, मला मात्र शेपटी फुटलेला स्वल्पविराम दिसतो. दुकानदार परत घेत नाही. वय ४७. (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दुकानदाराशी भांडायच्या आधी मोबाइलचा कॅमेरा डॉटच्या मागं धरून फोटो काढा. फोटोत गोल आला तर माल चांगला आहे आणि तुमच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे, ज्याला अ‍ॅस्टिगमॅटिझम म्हणतात. फोटोतही शेपटी असेल तर खुशाल भांडा. डोळ्याचं निघालं तर सिलिंडरचा नंबर घातलेला चष्मा करा, आणि ठिपक्याचा उजेड कमी करा, बहुतेक लोक तो दिवाळीसारखा लावून ठेवतात. दाभणाच्या भोकातून पाहिलं तर ठिपका गोल दिसेल, त्यामुळे पीपच्या मागून डॉट पाहायची युक्तीही चालते. नाहीच जमलं तर काचेवर कोरलेली खूण असलेला प्रिझम साइट येतो, त्याला डोळ्याप्रमाणे फोकस करता येतो.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं वय ६८. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता म्हणतात सगळं लख्ख दिसतं, निवडणुकीत ठाण्यात जमा केलेली रायफल सोडवून आणतो आणि जागलीला जातो. डाव्या डोळ्याचं बाकी आहे. जाऊ द्यावं का? (पवनी, जि. भंडारा)

उत्तर : ताई, रायफल आणू द्या, ती लायसनवाल्याच्या घरी कुलपात राहिलेली बरी. माळ्याची घाई नको.

साधी लेन्स टाकली असेल तर ती एकाच अंतराला बसवलेली असते, बहुतेक वेळा लांबच्या. म्हणून त्यांना नदीपलीकडचं झाड लख्ख दिसतं, पण हातभर पुढची माशी ऑपरेशनच्या आधीपेक्षाही धूसर दिसू शकते, कारण लेन्स जागची हलत नाही. त्याला उपाय वरचाच, लांबच्या नंबरात अधिक ०.५० चा चष्मा, पण नंबर पक्का ठरल्यावर. आणि धक्का: मोठ्या रायफलीचा दस्ता गालाला, खांद्याला मारतो, जखम भरायच्या आत तो डोळ्याला नको. किती आठवडे थांबायचं हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनीच सांगावं, फक्त त्यांना "जड काम करू का" असं विचारू नका, "रायफल चालवू का" असंच विचारा, नाहीतर ते कुऱ्हाड समजून हो म्हणतील.

आणखी एक तपासा. दोन्ही हातांच्या पंजांचं छोटं भोक करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दारावरची कडी पाहायला सांगा, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्यानं कडी भोकातच राहते तो डोळा मुख्य. ऑपरेशननंतर कधीकधी हा डोळा बदलतो, आणि माणूस उजव्या खांद्यावर रायफल धरून डाव्यानं निशाण धरतो, अन् त्याला पत्ताच नसतो.

डाव्या डोळ्याचं बाकी आहे हे उलट चांगलं. तिथं लेन्स टाकायच्या आधी डॉक्टरांना सांगा की यांना हातभर लांबची वस्तू पाहावी लागते आणि सांजेचं काम असतं. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्समध्ये अंधारात दिव्याभोवती वलयं दिसतात आणि फिकं-गडद यातला फरक कमी कळतो, टॉर्चच्या कामाला ती गैरसोयीची. तोवर जागलीला पोराला पाठवा, मिस्टरांना सोबत जायचंच असेल तर डबा बडवायला आणि हाकारे द्यायला जाऊ द्या, रायफल घरी ठेवून.